न दिलेला सूर

माझा भाचा इंदूरला शिकतो. शनिवारी दुपारी तो उज्जैनला आमच्याकडे येतो. आत्याच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इथे माळव्यात दुसरीकडे कुठं मिळणार, असं म्हणतो. येतो खरा भाकरीसाठी, पण सोबत लॅपटॉप आणि दोन सप्तकांची चपटी प्लास्टिकची पेटी असते. दिवे लागायच्या आत जेवणं उरकली की हा आमच्या फ्रीगंजच्या घराच्या गच्चीतल्या खोलीत बसतो आणि वाजवत राहतो.

एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला वर गेले, तर खोलीतून बासरी ऐकू आली. फार गोड नाही, थोडी थरथरती, जुन्या रेडिओतून यावी तशी. मी विचारलं, "कोण वाजवतंय रे?"

"मी वाजवतोय, आत्या."

"तू नाही. बासरी कोण वाजवतंय?"

तो हसला. पण प्रश्न त्याला लागला असावा, कारण मग अर्धा तास त्याने मला समजावून सांगितलं. ते मी तुम्हालाही सांगते. पुढचा सगळा घोळ कळायचा तर एवढं माहीत हवंच.

इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ ब्रॅडली नावाच्या भावांनी १९६३ साली मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य बाजारात आणलं. दिसायला पियानोसारखं, पण आत तारा नाहीत, भाता नाही. आत होत्या टेपच्या फिती, आपल्या कॅसेटमध्ये असायची तशीच पण जास्त रुंद. प्रत्येक पट्टीखाली एक स्वतंत्र फीत. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकू लागते आणि तिच्यावर टिपलेला स्वर वाजतो. बोट उचललं की स्प्रिंग तिला ओढून पुन्हा जागेवर नेते. फितीची लांबी ठरलेली, त्यामुळे स्वर आठेक सेकंदच टिकतो. त्यापुढे बोट कितीही दाबून धरा, शांतता.

ही कल्पना मुळात त्या भावांची नव्हेच. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन नावाच्या माणसाने तसं वाद्य आधीच केलं होतं. लॉरेन्स वेल्क यांच्या वाद्यवृंदातल्या वादकांना बोलावून त्याने एकेक स्वर टिपून घेतला होता. त्याचाच एक विक्रेता दोन यंत्रं घेऊन १९६२ मध्ये इंग्लंडला गेला आणि तिथे तोच नमुना पुढे सरकला. आजच्या विषयाला हीसुद्धा एक गोष्ट आहेच, पण ती राहू दे.

बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या १९६७ च्या गाण्याची सुरुवातीची बासरी याच यंत्राची. आता ती यंत्रं थोडी उरली आहेत, जड आहेत, सारखी बिघडतात. म्हणून लोकांनी जुन्या फितींवरचे स्वर संगणकात उतरवून घेतले आणि त्यांची सॉफ्टवेअरं केली. भाच्याकडे आहे ते त्यातलंच एक. गंमत म्हणजे टेपचे दोषही त्यात जपलेले आहेत. स्वर मध्येच हलतो, सुरुवातीला बारीकशी खरखर येते. आणि आठ सेकंदांनी आवाज संपतो तोही तसाच. संगणकाला फीत संपायची काय भीती? तरी ती मर्यादा मुद्दाम ठेवलीय.

माझ्या डोक्यात मात्र एकच राहिलं. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी माणूस माइकसमोर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि आठ सेकंद एकच स्वर फुंकला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. त्याला चाल ठाऊक नव्हती, गाणं ठाऊक नव्हतं. तो श्वास आज उज्जैनच्या गच्चीवर माझा भाचा हवा तेव्हा सोडतो, हवा तेव्हा थांबवतो.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? यंत्रातून बासरी, वीणा, सनई काय वाटेल ते निघतं. हो, पण दोन गोष्टींत फरक आहे. १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली बीन आठवा. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती. ती नक्कल होती, आणि नक्कल करणारा स्वतः घाम गाळत होता. कुठल्या गारुड्याचा श्वास त्यात नव्हता. मेलोट्रॉन नक्कल करत नाही. तो माणसाचं वाजवणं साठवतो आणि दुसऱ्याच्या बोटाखाली देतो. पहिल्याला मी कसब म्हणेन. दुसऱ्याला काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आणि हे काही साहेबांच्या देशापुरतं राहिलेलं नाही. आपल्या पूजा-विधानांना आता तानपुरा कुठे असतो? फोन असतो. बेंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेची श्रुतिपेटी केली, मग विजेचा तानपुरा आला, आणि आता फोनवरच्या कितीतरी ॲपमध्ये खऱ्या तानपुऱ्याचे टिपलेले झंकार असतात. मी सांगलीची. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणी वडिलांबरोबर गेलेली आहे. पंढरपूरकडचे मोठाले भोपळे छताला टांगलेले असायचे, आणि एक म्हातारे गृहस्थ घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसलेले. दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. त्यालाच जवारी काढणं म्हणतात. तेवढ्यानं तार बोलायला लागते. आज फोनमधला तानपुरा ऐकला की वाटतं, यातली जवारी कुणी काढली? तार कुणाच्या बोटानं छेडली? इथून जवळ देवासला कुमार गंधर्व राहायचे. त्यांचे तानपुरे कसे लागायचे याविषयी आजही इकडचे जुने लोक बोलतात, म्हणजे लावणाऱ्याचं नाव टिकलं. ॲपमधल्या माणसाचं टिकलं नाही.

भाच्याचं म्हणणं साधं होतं. "आत्या, त्यांना पैसे दिले होते ना? सौदा झाला, संपलं."

संपलं का? मेलोट्रॉन आला तेव्हा इंग्लंडच्या वादकांच्या संघटनेनं कुरकुर केलीच होती की हे यंत्र आमच्या पोटावर येईल. आपल्या मुंबईतही तेच झालं. रेकॉर्डिंगला पन्नास-पन्नास व्हायोलिनं बसायची, त्यात गोव्याचे वादक कितीतरी. सिंथेसायझर आणि सॅम्पलर आले तशा खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. पण मला पोटाचा प्रश्न तेवढा अवघड वाटत नाही. तो हिशेबाचा आहे. कायद्यानंही त्यात थोडं लक्ष घातलंय. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर आला, आणि २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंह यांचा आवाज त्यांच्या परवानगीशिवाय यंत्रानं बनवायला मनाई केली. मोठ्या माणसाचा आवाज चोरला तर कोर्ट आहे.

अवघड प्रश्न वेगळा आहे. त्या वादकानं पैसे घेतले, पण दिलं काय? एक दुपार दिली, की स्वतःचा श्वास कायमचा दिला? पुढे त्याच्यावर कुठलं गाणं रचलं जाईल हे त्याला कुठं सांगितलं होतं? लहानपणापासून आपण ऐकत आलोय की साधूनं दात कोरायची काडीसुद्धा कुणी दिल्याशिवाय उचलू नये. चोरीला आपल्याकडे शब्दच अदत्तादान असा आहे, न दिलेलं घेणं. कुलूप फोडलं का, अंधार होता का, मालकाचं नुकसान झालं का, यातलं काही त्या शब्दात नाही. दिलं होतं का, एवढंच आहे.

हे सगळं मी भाच्याला ठासून ऐकवलं. आणि पुढच्याच महिन्यात तो प्रश्न माझ्या घरात, माझ्या कपाटात निघाला.

माझ्या लग्नाच्या वेळी, १९८४ साली, वडिलांनी कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता. आई चारचौघांत कधी गायली नाही. देवळात बायकांच्या मागच्या रांगेत बसून ओठ हलवायची. पण महावीर जयंतीचा पाळणा आणि जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या आमच्या गल्लीत कुणाला येत नव्हत्या. वडील म्हणाले, पोरगी पार माळव्यात चाललीय, दोन गाणी तिच्यासाठी भरून दे. आईनं माजघराची दारं लावून घेतली, वडिलांना बाहेर काढलं आणि माझ्या एकटीसमोर गायली. कॅसेटमध्ये मध्येच शिट्टी होते, ती कुकरची. एका ठिकाणी ती ओवीत अडखळते आणि म्हणते, "हे पुसून टाक गं." मी पुसलं नाही. शेवटी म्हणते, "बास आता. कुणाला ऐकवू नकोस."

मी कुणाला ऐकवली नाही. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी दुपारी सगळे झोपले की आवाज बारीक करून ऐकायची. मग मुलं झाली, मग टेपरेकॉर्डर बिघडला, मग कॅसेट साड्यांच्या घडीखाली गेली. आई २००३ मध्ये गेली. भाचा तिच्यानंतर जन्मला.

त्यानं कॅसेट पाहिली आणि म्हणाला, ही खराब व्हायच्या आत संगणकात घेऊ. मी दिली. जपून ठेवण्यात काय वाईट? पंधरा दिवसांनी आला आणि ती चपटी पेटी माझ्यासमोर ठेवली. "दाब." मी दाबली. आईचा आवाज आला. शब्द नाही, नुसता आकार. पुढची पट्टी दाबली, वरचा स्वर. पाळण्यातल्या "बाळा"मधला लांबवलेला "आ" काढून, ओवीतला दुसरा काढून, त्यानं आईच्या गळ्याच्या पट्ट्या केल्या होत्या. बरोबर आठ सेकंद, मेलोट्रॉनसारखं.

मी काय केलं सांगू? रागावले नाही. तीन वेळा दाबली. चौथ्यांदाही दाबली. आठ सेकंदांनी ती थांबायची आणि मी बोट उचलून पुन्हा ठेवायची. मग मात्र हात मागे घेतला आणि म्हटलं, "हे तू कुणाला विचारून केलंस?"

"तुला विचारून. तू कॅसेट दिलीस."

"कॅसेट माझी. आवाज माझा आहे का?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग जे बोलला त्याला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. म्हणाला, "आत्या, तू तिच्या मांडीवर झोपलीस. तुला तिनं रागावलंय, जेवू घातलंय. माझ्याकडे आजीचं काहीच नाही. मी तिच्याबरोबर एक गाणं करतोय एवढंच. ती असती तर मला नाही म्हणाली असती?"

नसती म्हणाली. नातवाला तिनं काहीही दिलं असतं. पण "दिलं असतं" आणि "दिलं" यांत अंतर आहे ना? शेजारणीच्या परसातली कढीलिंबाची फांदी आपण तोडतो तेव्हाही हेच म्हणतो, विचारलं असतं तर तिनं दिलीच असती. आणि खरोखर दिलीच असती. बहुतेक चोऱ्या अशाच प्रेमळ असतात.

उलट हेही खरं की आईनं "कुणाला ऐकवू नकोस" म्हटलं होतं आणि मी तिचं ते वाक्य आज छापून तुम्हाला ऐकवतेय. तिनं पुसायला सांगितलेली ओवी मी चाळीस वर्षं जपली. मग मी भाच्याला कुठल्या तोंडानं बोलायचं? मला वाटतं, आईचं गाणं जसं होतं तसं, कुकरच्या शिट्टीसकट, घरातल्या पोरांनी ऐकावं इतपत मी तिची आज्ञा मोडायला तयार आहे. त्यात तीच आहे. तिचं अडखळणं आहे, तिचं नको म्हणणंही आहे. पट्ट्यांमध्ये तिचं नको म्हणणं तेवढं गळून पडलं. तिथे ती कशालाही हो म्हणते. भाचा उद्या त्यावर लग्नाच्या वरातीचं गाणं वाजवील, मित्राला फाईल देईल, तो मित्र अजून कुणाला. कुठलाही सूर नाकारता न येणं, माझ्या आईच्या बाबतीत तरी, मला पाहवत नाही. आयुष्यभर तिला घरात फारसं नाकारता आलं नव्हतं. गाण्याच्या बाबतीतच काय ते ती हट्टी होती.

तरी मी त्याला "पुसून टाक" म्हणू शकले नाही. म्हटलं, धाकट्या आत्याला विचारू. तीही त्या आवाजाची वारस. धाकटी बहीण कोल्हापूरला असते. फोन स्पीकरवर ठेवला, भाच्यानं काही न सांगता एकेक पट्टी दाबली. ती ऐकत राहिली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग वरच्या एका स्वराला म्हणाली, "थांब. हा कुणाचा?"

"आजीचाच आहे, आत्या."

"नाही रे. एवढा वर आईचा गळा जायचाच नाही. इथं आली की ती खाली वळायची. हा आईचा नाही."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. कॅसेटमध्ये तेवढे स्वर मिळाले नव्हते, म्हणून त्यानं शेजारचा स्वर ताणून तो बनवला होता. आम्हाला सांगितलं नव्हतं. मलाही ऐकताना कळलं नव्हतं, हे मला जास्त लागलं.

बाकीच्या पट्ट्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. बहीण म्हणते राहू दे, पण घराबाहेर नको. मी दर शनिवारी म्हणते की पुढच्या शनिवारी सांगेन. तो वरचा स्वर मात्र भाच्यानं त्याच रात्री काढून टाकला. पेटीवर ती पट्टी आहे, दाबली तर काही वाजत नाही.