पावसाळ्यात इथे झोपतं कोण?

‘पर्यटक त्यासाठीच तर येतात!’ माथेरानबद्दल काहीही बोला, चर्चा याच वाक्यापाशी येऊन थांबते. या आठवड्यातल्या बैठकीतही थांबली. मिनी ट्रेनचा विषय निघाला तरी हेच, बाजारपेठेतल्या कुटुंबाला राहत्या घरावर एक खोली चढवू द्या म्हटलं तरी हेच, आणि माणसाने माणसाला ओढणं थांबवा म्हटलं तेव्हाही हेच. या वाक्याची मला चीड येते.

हातरिक्षांचं बघा. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत त्या बंद करायला सांगितलं. परवानाधारक रिक्षावाले ९४. ई-रिक्षा मिळाव्यात म्हणून ते स्वतःच वर्षानुवर्षं झगडत होते. तरी हातरिक्षा ही माथेरानची ओळख आहे, ती गेली तर पर्यटक काय बघणार, असं म्हणणारे होतेच. म्हणजे लाल मातीच्या चढावर एकाने धापा टाकत पुढून ओढायचं, एखाद्याने मागून ढकलायचं, आणि त्याला आपण वारसा म्हणायचं! बोरिवलीहून पहाटे निघालेलं कुटुंब दुसऱ्याची धाप बघायला येतं का? ते येतं झाडांसाठी, वाऱ्यासाठी, पॉइंटवरून दरी बघायला. वाफेची इंजिनं त्यांना आवडायची, ती जाऊन डिझेलची आली. पर्यटक येतच राहिले. माकडांना वेफर खाऊ घालायलाही त्यांना आवडतं, म्हणून आपण ते चांगलं मानत नाही. त्यांची आवड फक्त तेव्हाच पुढे केली जाते, जेव्हा गावातल्या कुणाला तरी काहीतरी नाकारायचं असतं. आणि ज्याच्या नावाने हे चालतं तो शनिवारी येतो, रविवारी उतरतो. त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

‘निधी नाही’, ‘नियमात बसत नाही’ ही कारणंही ऐकली. त्यांना निदान कागदावर उत्तर देता येतं.

गाडीला ‘टॉय ट्रेन’ म्हणू नका, हे मी या स्तंभात पूर्वीही लिहिलं आहे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने दोन फुटी रुळांवरून नेरळपासून वर आणलेली, वीसेक किलोमीटर डोंगर चढणारी गाडी हे खेळणं नव्हे. २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला, तो पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे घसरले आणि गाडी थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला, नेरळहून गाडी सुटली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. दर वेळी बातमी एकच, पर्यटकांचा हिरमोड. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. सिलिंडर, भाजी, दूध, सिमेंटची पोती तेवढं अंतर कशी जातात, हे त्या बातम्यांत नसतं. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून सुटणारी शटल मालही वाहते. गावाच्या दृष्टीने तिचा मालडबा पहिल्या वर्गाच्या डब्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि वेळापत्रक ठरवताना आधी त्याचा विचार व्हायला हवा.

आता घरांचं. ४ फेब्रुवारी २००३ पासून माथेरान आणि भोवतालचा प्रदेश, २१४ चौरस किलोमीटरहून अधिक, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणून बांधकामावर बंधनं. ते तसंच राहावं, झाडाची फांदीही विनाकारण तुटू नये, या मताचा मी आहे. मोटारबंदी उठवण्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. पण जंगल राखायचं ते गावासकट. मागे एका दुकानदार काकांशी बोलत होतो. मुलाचं लग्न झालं, घर दोन खोल्यांचं, म्हणून मुलाने नेरळला भाड्याने संसार मांडला. रोज वर येतो, संध्याकाळी उतरतो. काका तक्रार करत नव्हते. ‘पोरगं पाहुण्यासारखं येतं’ एवढंच म्हणाले.

अशा घराला खोली दिली की उद्या तिचं लॉजिंग होईल, ही भीती खोटी नाही. काही जण नक्की करतील. त्यावर पक्का उपाय मला सुचलेला नाही. पण कुणी तरी गैरफायदा घेईल म्हणून सगळ्या मुलांना डोंगराखाली धाडायचं, हे मला पटत नाही.

पुढची बैठक जुलैत घ्या. नेरळची गाडी तेव्हा बंद असते, दाट धुक्यात समोरचं दिसत नाही, पॉइंटवर चिटपाखरू नसतं. दस्तुरीपासून चालत या आणि वाटेत ज्यांच्या घरात दिवा दिसेल त्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवा.