आजीचं इनकमिंग

आजीला फोनची दोनच बटणं ठाऊक आहेत, हिरवं आणि लाल. आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे फोन लावायचा प्रश्नच नाही. आलेला घ्यायचा. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या आत तिचं गाव. काका-काकू दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडाशी परततात. तोवर घरात आजी आणि खिडकीत ठेवलेला बटणांचा फोन. खिडकीत, कारण रेंज तिथेच येते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा मी शहापूरला कॉलेजात होतो. सिमसाठी रांगेत उभा राहिलो आणि मार्च २०१७ पर्यंत फुकट नेट वापरलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

२०१८ च्या अखेरीस आजीचा फोन मुका झाला. काकूने भट्टीवरून चार दिवस लावून पाहिला, मग घाबरून मला सांगितलं. मी किन्हवली-सरळगाव रस्त्याने बाइक काढली. आजी ठणठणीत होती. म्हणाली, "वाजतच नाही रं." आजीच्या कंपनीने नियम बदलला होता. इनकमिंग चालू ठेवायचं तर दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपये भरायचे. तसा मेसेज आला होता, पण तो वाचणार कोण?

दुकानदार म्हणाला, "कंपनीने धर्मादाय उघडलाय का?" तेव्हा मला ते पटलं होतं.

नंतर कळलं की आजी कधी फुकटी नव्हतीच. आपल्याकडे २००३ पासून फोन घेणाऱ्याला पैसे पडेनासे झाले. पण लावणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे देत असे. म्हणजे काकूशी दहा मिनिटं बोलताना आजी आपल्या कंपनीला कमावून देत होती. हा दर १४ पैसे होता. ट्रायने तो ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैशांवर आणला आणि जानेवारी २०२१ पासून शून्य केला. कॉल स्वस्त व्हावेत म्हणून, आणि ते झालेही. माझे झाले. आजीच्या फोन उचलण्याची किंमत मात्र तेवढीच उतरली.

मग माझी काही चूक झाली का? स्वस्त सिम घेणं हा काही गुन्हा नाही. पण कोणत्या गिऱ्हाइकाकडून किती पैसे येतात एवढंच मोजायला लागलं की आजी तोट्यात दिसते. कॉलला दोन टोकं असतात, हे त्या हिशेबात कुठे येतच नाही. पलीकडे कोणी उचलणारं नसेल तर माझं अनलिमिटेड कॉलिंग घेऊन मी काय करू?

मित्र म्हणतो, पोर्ट कर, स्पर्धा आहे. स्पर्धा शहापूरच्या नाक्यावर आहे, आजीच्या खिडकीत एकच कंपनी येते. देशात तरी पूर्वी दहाच्या आसपास कंपन्या होत्या, आता तीन खासगी आणि बीएसएनएल. (जवळून जाणारी गोष्ट आपल्याला मिळेलच असं नाही, हे शहापूरकरांना वेगळं सांगायला नको. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.)

ते ३५ रुपये आता दोनशेच्या घरात गेलेत. २८ दिवसांचा हिशेब धरला तर वर्षाला तेरा रिचार्ज. आजीला श्रावणबाळचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. पॅकमध्ये नेटही येतं, जे तिच्या फोनवर चालतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल-मेसेजचे वेगळे पॅक ठेवा असं सांगितलं. ते आले, पण एकदम जास्त दिवसांचे, म्हणजे एकरकमी जास्त पैसे. सध्या मीच भरतो. ज्यांचा नातू शहापूरला नाही, त्यांचं काय होत असेल ते मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात फोनवर आजी मधेच थांबली. "आता घेतला की पैसे पडतात का रं?"

मी म्हणालो, "नाही गं, बोल तू."