मनी जेवते का?

शास्त्रवाचन : योना ४ : ५–११, नीतिसूत्रे १२ : १०



योनाचा मासा सर्वांना आठवतो. शब्बाथशाळेतले सर्वांत लहान मूलही तो हात पसरून दाखवते. पण योनाच्या पुस्तकाचा शेवट विचारला तर मोठी माणसेही घुटमळतात. ते पुस्तक एका प्रश्नावर संपते, आणि तो प्रश्न देव विचारतो. निनवेतल्या एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची गणती सांगून झाल्यावर देव तेथेच थांबत नाही. तो योनाला तेथल्या गुराढोरांचीही आठवण करून देतो. एवढ्या मोठ्या नगराचा न्याय चालला असता देवाच्या हिशेबातून गोठा सुटला नाही.

या भागावर मी पूर्वी अनेकदा उपदेश केला होता. पण त्याचा अर्थ मला एका मांजरामुळे उमगला, आणि तोही माझी चूक माझ्या पदरात पडल्यावर. म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

मी बेळगावकडे सेवेत असताना आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या. चाळीस वर्षे त्यांनी शब्बाथशाळा चालवली. मंडळीतले निम्मे वडीलजन त्यांच्या हाताखालून गेलेले. यजमान वारल्यावर त्या एकट्याच राहत. सोबतीला एक मांजर, मनी. अंगणात पाय घसरून बाईंचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. सर्व सामानाची वाटणी झाली, राहिली मनी. मुलाच्या फ्लॅटमध्ये तिला नेणे शक्य नव्हते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “बाई, मांजरच ते. शहराबाहेर प्राण्यांचा निवारा आहे, तेथे सोडतो. तुम्ही काळजी करू नका.”

भाजीच्या टोपलीवर दुसरी टोपली बांधून मी मनीला घेऊन गेलो. तेथे एक कागद भरून द्यायचा होता. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिले, ‘मालक परगावी गेले.’ वय सुमारे आठ वर्षे. सही केली, थोडे पैसे देणगी म्हणून दिले आणि दुपारच्या प्रार्थनासभेला वेळेवर पोहोचलो. एक काम उरकले, असेच मला वाटले.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. मंडळीची चौकशी झाली, आणि मग त्यांनी हळूच विचारले, “पाळकसाहेब, मनी जेवते का?” मी उत्तर दिले, “हो, हो, छान आहे.” प्रियांनो, मी तिकडे एकदाही फिरकलो नव्हतो. व्यासपीठावर उभा राहणारा माणूस एका वृद्ध स्त्रीशी खोटे बोलला. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. मनी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. अंगावरचे केस विस्कटलेले. ताटलीतले अन्न जवळजवळ तसेच. तेथला सेवक भला माणूस होता. तो म्हणाला, “साहेब, लोक येतात ते पिल्लं मागतात. मोठं मांजर कोणी नेत नाही. आणि हे तर पुढेच येत नाही, मग लोकांना दिसणार कसं?” मांजराला माणसाइतकाच जागेचा लळा असतो. आपला वास लागलेला कोपरा सुटला की ते दबून जाते. त्याला राग आला असे आपण समजतो, पण खरे पाहता ती भीती असते.

त्या रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांत मी मनीसाठी घर हवे असल्याचे सांगितले. लोक हसले. तिसऱ्या रविवारी एक कुटुंब तयार झाले, मुलांच्या हौसेखातर. चौथ्या दिवशी त्यांनी मनी परत आणून दिली. ती कपाटाखालून निघेना, आणि मुलांनी ओढून काढल्यावर तिने ओरखडले. दोष त्यांचा नव्हता. नव्या घरी मांजर कसे आणावे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगणे माझे काम होते.

शेवटी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका-भगिनी पुढे आल्या. त्या एकट्याच राहत. त्या म्हणाल्या, “तिनं माझ्या मांडीवर बसलंच पाहिजे असं काही नाही. राहू दे आपली.” त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून लस टोचून घेतली. घरातली एकच लहान खोली मनीला दिली. तेथेच पाणी, अन्न आणि मातीचे घमेले ठेवले. बाईंच्या घरून राहिलेली एक जुनी गोधडी मी नेऊन दिली, कारण ओळखीच्या वासाने मांजराला धीर येतो. भगिनी रोज खोलीत बसून शास्त्र वाचीत. मनीला हाक मारीत नसत, हातही लावीत नसत. अकरा दिवस मनी खाटेखालीच होती. दिवसा लपे आणि रात्री खाई. बाराव्या दिवशी ती बाहेर आली आणि भगिनींपासून हातभर अंतरावर बसली. इतकेच. पण मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

या हकिकतीतून प्रभूने मला तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट ही की, सोपवणे वेगळे आणि टाकून देणे वेगळे. आजार, बदली, वार्धक्य यांमुळे पाळलेले जनावर दुसऱ्याकडे द्यावे लागते. तसे करणाऱ्याला आपण नावे ठेवू नयेत. बाईंनी मनीला टाकले नाही. माझ्यावर विश्वास ठेवून सोपवले. टाकले ते मी, कारण सही केल्यावर मी पुन्हा वळून पाहिले नाही. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे गुन्हा ठरवले आहे. पण नीतिमान मनुष्य जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो असे शलमोनाच्या नीतिसूत्रांत आपण वाचतो, ते कायद्याच्या भीतीने नव्हे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्याच्या अंतःकरणाची परीक्षा तेथे होते.

दुसरी गोष्ट ही की, देवाची दया अशी वाटली जात नाही की एकाला दिली तर दुसऱ्याला कमी पडावी. “माणसे उपाशी असता मांजराचे काय घेऊन बसलात?” असे मला एका बंधूंनी विचारले. प्रश्न योग्य आहे, आणि मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे हे आपण कधीही विसरू नये. पण इतिहास काय सांगतो पाहा. १८२४ साली लंडनमध्ये मुक्या प्राण्यांच्या रक्षणासाठी पहिली संस्था निघाली, तेव्हा ती सभा आर्थर ब्रूम नावाच्या एका पाळकाने बोलावली होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारे विल्बरफोर्स त्या संस्थेच्या संस्थापकांत होते. बेड्यांतल्या माणसासाठी ज्याचे मन कळवळले, त्यालाच चाबकाखालचे जनावरही दिसले. ब्रूम यांना तर संस्थेच्या कर्जापायी तुरुंगवास घडला. मुंबईतही १८७४ साली अशी संस्था स्थापन झाली. घरच्या मांजराचे नाव आपल्या शास्त्राच्या ६६ पुस्तकांत कोठे नाही. पण पैशाला दोन मिळणाऱ्या चिमण्यांची ज्याला खबर असते, असा आपला स्वर्गीय पिता आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचली. मनी नव्या घरी रुळल्याचे कळवायला मी बाईंना फोन केला. फोन सुनेने घेतला. ती म्हणाली, “पाळकसाहेब, बरं झालं तुम्ही फोन केलात. सासूबाई नीट जेवत नाहीत. खोलीतून बाहेरच येत नाहीत.” मी स्तब्ध झालो. आठ वर्षांच्या मनीसारख्याच पंचाहत्तर वर्षांच्या बाईही आपला कोपरा सोडून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. चाळीस वर्षे आमच्या मुलांना शिकवणाऱ्या या भगिनीला महिन्याभरात मंडळीतून एक पत्रही गेले नव्हते. तेथल्या मराठी मंडळीला मी साधी ओळखचिठ्ठी दिली नव्हती. “मनी जेवते का?” असे त्या विचारीत होत्या, तेव्हा “मी जेवते का, असे मला कोणी विचारील का?” हेही त्यात होते, आणि मला ते ऐकू आले नाही.

त्याच आठवड्यात मी पुण्याच्या पाळकांना पत्र लिहिले व पुढच्या महिन्यात स्वतः गेलो. जाताना मनीचा फोटो नेला. बाईंनी तो उशाशी ठेवला आणि त्या दिवशी आमच्यासोबत टेबलाशी बसून जेवल्या. पुढे तेथल्या शब्बाथशाळेत त्या खुर्चीत बसून गोष्टी सांगू लागल्या. एकट्यांना देव घर देतो असे ६८ व्या स्तोत्रात आहे. ते घर देव आपल्या हातांनी उघडवतो. आणि माझे हात त्या वेळी खिशात होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हा पाठ शिकवताना मुलांना मांजर पाळा असे सांगून थांबू नका. पाळायचे असेल तर घरच्यांना विचारून, आणि पंधरा वर्षे सांभाळायची तयारी ठेवून पाळावे हे सांगा. नव्या मांजराला ओढू नये, त्याला लपू द्यावे, काही आठवडे बाहेर सोडू नये, आणि दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे हेही सांगा. मग त्यांना विचारा : आपल्या वर्गात नवीन आलेले, मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल कोणते? त्याच्यापासून हातभर अंतरावर धीराने कोण बसेल?

आपण सर्व एके काळी परके होतो. कोणी सुंदर आहे, तरुण आहे, लवकर रुळेल, असे पाहून प्रभूने आपल्याला घेतले नाही. आपण ओरखडले तरी त्याने आपल्याला परत पाठवले नाही. मग ज्याला त्याने आपल्या स्वाधीन केले, त्याची ख्याली-खुशाली विचारणे हे आपले कमीत कमी ऋण नव्हे काय?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, जे आम्ही दुसऱ्यावर सोपवून विसरलो त्याबद्दल आम्हांला क्षमा कर. मुक्या जिवांची व मुक्या झालेल्या माणसांची हाक ऐकणारे कान आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.