दार एकाचे की सगळ्यांचे?

विमान म्हटले की वारकऱ्याच्या मनात आधी देहू येते आणि तुकोबाराय येतात. त्या विमानाला ना छप्पर लागले, ना दार. पण माणसाने केलेल्या विमानाला ऊन, पाऊस, वारा सारेच बाधते, म्हणून त्याला घर लागते. माउलींची पालखी हडपसर सोडून सासवडच्या रस्त्याने दिवेघाटाकडे निघते, तेव्हा वाटेत ग्लायडिंगचे मैदान लागते. इंजिनावाचून वाऱ्यावर तरंगणाऱ्या विमानांचे ते ठिकाण. अशी विमाने ठेवण्याच्या मोठ्या शेडला हँगर म्हणतात. आज आम्ही हँगरच्या दाराविषयी चार शब्द बोलणार आहोत. वारकऱ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण थोडे थांबावे.

विमानाला पंख असतात. वाटेत खांब रोवला तर पंख अडतात. म्हणून शेडची जवळजवळ अख्खी एक बाजू मोकळी ठेवून तिलाच दार करतात. एवढे दार बिजागरीवर कसे पेलणार? तेव्हा त्याची अनेक कवाडे करून, चाके लावून, ती रुळांवरून सरकवतात. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात टिलामुक येथे १९४३ साली एक प्रचंड हँगर उभे राहिले. युद्धामुळे पोलादाची टंचाई होती, म्हणून ते लाकडाचे केले. त्याचे एकेक कवाड १२० फूट उंच आणि सुमारे ३० टन वजनाचे! सगळी हँगरे काही एवढी मोठी नसतात. पण दुखणे सगळीकडे एकच. रुळाच्या खाचेत चिखल साचतो, पाणी मुरते, खालची कड कुजते किंवा गंजते, चाके धरतात. मग एके दिवशी दार हलेनासे होते. विमान धडधाकट, आकाश मोकळे. पण दार उघडत नाही म्हणून सारे अडते.

इंग्लंड-अमेरिकेत ग्लायडिंगची पुष्कळ मंडळे सभासदांनीच चालवलेली असतात. तिथे दार बदलायचे म्हणजे वर्गणी काढायची, सुटीच्या दिवशी जमायचे, कोणी पत्रे कापायचे, कोणी रंग द्यायचा, आणि शेवटी सगळ्यांनी खांदा लावून कवाड रुळावर चढवायचे. आता समजा, अशा वेळी एक धनिक पुढे आला आणि म्हणाला, "कशाला हा खटाटोप? सगळा खर्च माझा. दारावर फक्त माझे नाव घाला." तर काय करावे? आमचा प्रश्न हा आहे; आणि तो हँगरपुरता नाही. आपल्या मठाचे दार, धर्मशाळेचे छप्पर, दिंडीचा तंबू, सगळीकडे तो उभा राहतो.

धनिकाची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. काम लवकर होते, पक्के होते. शिवाय वर्गणीतही जुलूम असतो, हे आपण जाणतो. चारचौघांत पावतीपुस्तक पुढे केले की गरिबाला नाही म्हणता येत नाही. घरात तेल-मीठ नसताना तो लाजेखातर पैसे काढतो. असे गोळा केलेले सहकार्य धनिकाच्या देणगीहून पवित्र, असे आम्ही म्हणणार नाही.

पण दुसरी बाजू त्याहून खोल आहे. ज्याने चाकात वंगण घातले, त्याला ते चाक कुठे धरते हे ठाऊक असते. पुढे भर पावसात दार अडले, तर तो धावत येतो. एकाच्या पैशाने आयते बसलेले दार अडले, की लोक म्हणतात, "ज्याचे नाव आहे त्याला कळवा." दार नवे झाले खरे, पण त्याला राखणारा उरला नाही. म्हणून धनिकाचे पैसे जरूर घ्यावेत, मात्र सगळे काम त्याला विकू नये. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला दोर धरू द्यावा, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाही दोर धरायला बोलवावे. नुसता पैसा देऊन सुटणे त्याच्याही हिताचे नाही.

राहिला नावाचा प्रश्न. तो नामदेवरायांनी केव्हाच सोडवला आहे. पंढरीच्या महाद्वारी त्यांनी जागा मागितली ती पायरीची. नाव वर कोरून घेण्याऐवजी संतांच्या पायाखाली राहणे त्यांना गोड वाटले.

पण त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, आणि ती आपल्याला आणखी एक गोष्ट विचारते. दार सगळ्यांच्या घामाने झाले. मग ते सगळ्यांना उघडते का? पंढरीचे दार अस्पृश्य म्हटलेल्या आपल्या बांधवांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. कवाडे मजबूत होती, चाके-बिजागऱ्या शाबूत होत्या. गंज चढला होता तो मनांना.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. गावात उद्या कुठलेही दार बदलाल, तर कोणी किती दिले याची वही हिशेबासाठी जरूर ठेवा. पण दारावर पाटी लावू नका. आणि दार बसल्यावर पहिल्यांदा ते ढकलायला त्याला बोलवा, ज्याला आजवर बाहेर उभे राहावे लागले. रामकृष्णहरि.