हसऱ्या चेहऱ्यामागे कोण?

हैद्राबादचा बेगम बाजार निजाम अली खान यांच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसला, असे सांगतात. बाजाराला बेगमेचे नाव मिळाले; पण तिचा चेहरा तेथील कोणा गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. सुका मेवा, मसाले, पितळी भांडी ह्यांचा तेथील व्यापार दुसऱ्याच चेहऱ्यावर चालत आला आहे. तो चेहरा गादीवर बसलेल्या शेठजींचा. खजुरात कीड निघाली तर गिऱ्हाईक पुडा घेऊन त्याच गादीपाशी येते, आणि शेठजींना तोंड द्यावे लागते. तेथे सारेच संत बसले आहेत असे आम्ही म्हणत नाही. तोंड चुकवणारेही असतात. परंतु तोंड चुकवणारा ओळखू तरी येतो.

आपल्या काळात बाजारात दुसऱ्या तऱ्हेचे चेहरे आले आहेत. त्यांना तोंड आहे, पण ते कोणालाही तोंड देत नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे 1963 साली मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातीसाठी रोनाल्ड मॅकडोनाल्ड नावाचा विदूषक दूरदर्शनच्या पडद्यावर आला. विलार्ड स्कॉट नावाच्या निवेदकाने ते सोंग घेतले होते. नाकाच्या जागी कागदी पेला आणि डोक्यावर टोपीसारखा खाद्यपदार्थांचा ट्रे, असा त्याचा थाट होता. पुढे वेष बदलला, नट बदलले, पण हसू तेच राहिले. 1996 साली ही कंपनी दिल्लीत आणि मुंबईच्या वांद्रे भागात आली, आणि हा विदूषकही आपल्या मुलांच्या ओळखीचा झाला.

मुले त्याच्याकडे का ओढली जातात? ह्यात मुलांचा काहीच दोष नाही. अक्षरे वाचण्याच्या कितीतरी आधी मूल चेहरा वाचू लागते. आईच्या चेहऱ्यावरचे हसू पाहून ते निर्धास्त होते. चेहऱ्यावर विश्वास ठेवण्याची ही शक्ती देवाने बाळाला दिलेली पहिली देणगी आहे, आणि नेमकी तीच व्यापाऱ्याने हेरली. 2011 साली अमेरिकेतील शेकडो डॉक्टरांनी व आरोग्यसेवकांनी, मुलांना असल्या खाण्याकडे ओढणाऱ्या ह्या विदूषकाला आता निवृत्त करा, अशी जाहीर मागणी केली. कंपनीने ती मानली नाही. त्याच विदूषकाच्या नावाने 1974 साली फिलाडेल्फियात आजारी मुलांच्या आईबापांसाठी निवासगृह उघडले गेले. ते सत्कृत्य आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या चेहऱ्यावर मूल विश्वास टाकते, तो त्या मुलाला जाब देणार आहे काय?

कोणी म्हणेल, चित्रात एवढे काय पाप? अमूल लोण्याची मुलगी 1966 पासून आपल्याला हसवीत आली आहे. खरे आहे. चित्र काढणे हे पाप नव्हे, आणि गमतीला गंमत म्हणून हसणे तर नव्हेच. पण कर्नल सँडर्स यांची हकीकत पाहा. हे चित्रातले नव्हे, हाडामांसाचे गृहस्थ. केंटकीतील कॉर्बिन गावी ते प्रवाशांना कोंबडी तळून खाऊ घालीत. 1964 साली त्यांनी आपली कंपनी 20 लाख डॉलरला विकली, आणि तिच्याबरोबर आपला चेहराही दिला. पुढे कंपनीच्या ग्रेव्हीची चव बिघडली असे ते स्वतःच उघडपणे सांगू लागले. तरीही डब्यावरचा त्यांचा चेहरा हसतच राहिला! माणूस नाराज आणि चेहरा खूष, अशी ही फारकत. 1980 साली ते वारले. 2015 पासून निरनिराळे नट जाहिरातींत कर्नल बनू लागले. जपानात तर 1974 पासून नाताळात ही कोंबडी खाण्याची रीत जाहिरातीने पाडली, आणि दुकानांपुढच्या कर्नलच्या पुतळ्याला सांता क्लॉजचा लाल झगा चढला.

प्रभूपुढे कैसराचे नाणे आणले तेव्हा त्याने विचारले की त्यावरील मुखवटा कोणाचा. नाण्यावर कैसराची छाप होती, म्हणून नाणे कैसराचे. मग माणसावर कोणाची छाप आहे? उत्पत्तीचा पहिला अध्याय त्याचे उत्तर देतो. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणून चेहरा ही विकून मोकळे होण्याची वस्तू नव्हे. ती आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. तो पुढे करून जेथे आपण विश्वास मागतो, तेथे उत्तर देण्यासाठीही आपण हजर असले पाहिजे.

बंधुभगिनींनो, हा दाखला केवळ दुकानदारांसाठी नाही. उपासना-सभांच्या भिंतीपत्रकांवर वक्त्यांचे मोठमोठे हसरे चेहरे छापले जातात. सभा आटोपल्यावर शंका घेऊन आलेल्या तरुणाला त्यांतला कोण भेटतो? नाताळात आपण लेकरांपुढे सांता क्लॉज नाचवतो, गोळ्या वाटतो. ज्याच्या जन्माचा तो सण, त्याची ओळख त्यांना कोण करून देतो?

देवाने जगाकडे आपले चित्र पाठवले नाही. तो स्वतः आला. थोमाने पुरावा मागितला तेव्हा प्रभूने तोंड फिरवले नाही, तर आपले जखमी हात पुढे केले. विश्वास मागणारा चेहरा कसा असावा हे आपल्याला तेथे दिसते. तेव्हा मुलांच्या हातातला पुडा हिसकावून घेण्यापेक्षा त्यांना एक प्रश्न शिकवू या: हा जो हसतो आहे, तो मी विचारल्यावर उत्तर देईल का? आणि तोच प्रश्न लेकरांनी आपल्याला विचारला, तर तोंड न चुकवता त्यांच्यापुढे उभे राहू या.