गरम पाण्याने भागत नाही



आपल्या धर्मगुरूनिवासातील सिंकमधून महिनाभर पाणी हळूहळू उतरत होते. पूर्ण तुंबले नव्हते, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. आम्ही थांबून थांबून भांडी धुऊ लागलो. "तळणीचे तेल ओतू नका," असे मी स्वयंपाकाच्या मावशींना दोनदा सुनावले. त्या गप्प राहिल्या. रात्री मी किटलीभर उकळते पाणी ओतायचो. दोन दिवस बरे जायचे, पुन्हा तेच.

शेवटी प्लंबर आला. त्याने आधी बाथरूममध्ये पाणी सोडून पाहिले. ते झरझर गेले. म्हणजे बाहेरची लाइन मोकळी, अडथळा सिंकखालीच. खाली बादली ठेवून त्याने बॉटल ट्रॅप फिरवून उघडला. आत चहापत्ती, भाताची शिते आणि त्यांना घट्ट धरून बसलेले पांढरे मेण! वेदीवरचे मेणबत्तीस्टँड त्या सिंकमध्ये गरम पाण्याने मीच धुतो.

"फादर, मेण काय, तूप काय, गरम पाण्याने वितळतं, नाहीसं होत नाही," तो म्हणाला. "ट्रॅपमध्ये वास अडवायला पाणी साठलेलं असतं, तिथे गोठतं. नाहीतर पुढे पाइपात, जिथे हात पोचत नाही."

मी मावशींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, फादर. पण फादरांना कसं सांगायचं?"

लहान पापांची कितीही बेरीज केली तरी त्यांचे मोठे पाप होत नाही, पण ती माणसाला मोठ्या पापाकडे झुकवतात, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. सेमिनरीत परीक्षेला मी हे उत्तर व्यवस्थित लिहिले होते. पण पापनिवेदनाला गेलो की वर्षानुवर्षे "चिडचिड केली" एवढेच म्हणत आलो. त्यात मावशी कुठेच नव्हत्या. आपल्यापैकी बरेच जण असेच म्हणतात: "फादर, रागावलो, खोटे बोललो." डोळेही भरून येतात. मन हलके होते. तेही किटलीतलेच पाणी. कोणावर रागावलो, आणि तो माणूस गप्प का राहिला? त्याचे नाव मला सांगू नका, पण स्वतःशी तरी घ्या.

शनिवारी संध्याकाळी पाचपासून मी पापनिवेदनासाठी बसेन. त्याआधी दुपारी शेजारच्या धर्मग्रामातील फादरांकडे मला स्वतःला जायचे आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू