तीस मैलांचं वर्तुळ

नकाशा पसरून कळंबा तलावाच्या बांधावर कंपासचं टोक टेकवायचं आणि ३० मैलांचं, म्हणजे ४८ किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. सगळं कोल्हापूर त्यात येतं. पन्हाळा, कागल, इचलकरंजी, निपाणी, सांगली येते. फुटबॉलच्या वेडात कोल्हापूरला हार न जाणारं गडहिंग्लज मात्र अगदी थोडक्यात बाहेर राहतं, त्याच्यासाठी मी कंपास जरा ताणतो. हा उद्योग मी अनेकदा केलाय.

३० मैल का, तर २५ मे १९६७ च्या संध्याकाळी लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर सेल्टिक नावाचा स्कॉटिश संघ युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याला उतरला, तेव्हा त्याचे अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोतल्या आपल्या मैदानापासून ३० मैलांच्या आत जन्मलेले होते. सगळ्यात लांबचा बॉबी लेनॉक्स, समुद्रकाठच्या सॉल्टकोट्सचा. म्हणजे त्यांचं गडहिंग्लज. समोर मिलानचा इंटर होता, १९६४ आणि १९६५ असा लागोपाठ दोनदा हाच चषक नेलेला. त्यांचे प्रशिक्षक हेलेनिओ हेरेरा यांचा बचाव म्हणजे आतून कडी घातलेला दरवाजा, अशी ख्याती. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर इंटरनं गोल केला आणि कडी लावली. पुढचा तासभर सेल्टिकनं तो दरवाजा नुसता धडाधडा वाजवला. ६३ व्या मिनिटाला टॉमी गेमेल या बचावपटूनं लांबून बरोबरी साधली आणि सामना संपत आलेला असताना स्टीव्ह चामर्सनं दुसरा गोल केला. ब्रिटनमधल्या कुठल्याही संघानं तोवर हा चषक जिंकलेला नव्हता.

त्या संघाची एक गोष्ट मला फार आवडते. गरिबीत वाढलेली ती पोरं, कित्येकांचे पुढचे दात तरुणपणीच गेलेले, कवळ्या होत्या. खेळताना कवळी तोंडात ठेवता येत नाही, आणि जिंकल्यावर फोटोला बोळक्या तोंडानं उभं राहायची लाज. म्हणून सगळ्यांच्या कवळ्या गोलरक्षक रॉनी सिम्प्सनच्या टोपीत ठेवल्या आणि ती टोपी गोलच्या जाळीत. आपल्या खेळाडूंची कवळी, चप्पल, घर, आई-बाप सगळं माहीत असणारा एक माणूस त्या संघामागं उभा होता. जॉक स्टीन.

स्टीन यांचा जन्म १९२२ चा, लॅनार्कशायरच्या कोळसा पट्ट्यातला. कोवळ्या वयात खाणीत उतरले. आठवडाभर जमिनीखाली काम आणि सुट्टीच्या दिवशी छोट्या संघाकडून फुटबॉल, असं कित्येक वर्षं चाललं. उमेद ओसरायच्या वयात सेल्टिकनं बोलावलं, कप्तान केलं, आणि मग घोट्याच्या दुखापतीनं खेळ संपवला. १९५७ साली त्यांच्या हाती सेल्टिकची राखीव फळी दिली गेली. मुख्य संघात जागा नसलेली पोरं घ्यायची आणि त्यांना शिकवायचं. पुढं लिस्बनमध्ये चषक उंचावणारा कप्तान बिली मॅकनील याच पोरांतला. तिथून १९६० मध्ये ते डनफर्मलिनला गेले, वर्षभरात त्या लहानशा संघाला स्कॉटिश चषक मिळवून दिला, तोही अंतिम फेरीत सेल्टिकलाच हरवून. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्टिकनं त्यांना परत आणलं. हा क्लब आयरिश कॅथलिक गरिबांसाठी निघालेला आणि स्टीन प्रॉटेस्टंट. त्यांच्या आधी कुठल्याही प्रॉटेस्टंट माणसाला ती खुर्ची मिळाली नव्हती.

माझ्या मते मात्र खरी क्रांती धर्माची नव्हती. स्टीन येण्याआधी सेल्टिकचे अकरा खेळाडू कोण निवडायचं? अध्यक्ष रॉबर्ट केली. मॅनेजर जिमी मॅकग्रोरी हे क्लबचे सर्वाधिक गोल करणारे थोर खेळाडू, सज्जन गृहस्थ, पण यादी अध्यक्षांची. स्टीन यांनी येताना एकच गोष्ट पक्की करून घेतली : संघ मी निवडणार. केली कबूल झाले, आणि या कबुलीसाठी त्यांनाही मान दिला पाहिजे. पदावरच्या माणसाला हातातली यादी खाली ठेवणं सोपं नसतं. आठ वर्षं मोठा चषक न पाहिलेला तोच क्लब दोन वर्षांत युरोपचा विजेता झाला. पोरं बहुतेक तीच होती.

इथं मला कोल्हापूर आठवतं.

आपल्याकडं 'मॅनेजर' हा शब्द वेगळ्या कामाला लावलेला आहे. खेळाडूंची नोंदणी, किट, पाण्याचे कॅन, पंचांकडं द्यायची यादी हे सगळं बघणारा तो संघाचा मॅनेजर. तो राबतो, त्याच्याविना सामना होत नाही. इंग्रजांचा मॅनेजर म्हणजे ज्याच्या शब्दावर संघ उभा राहतो किंवा पडतो तो माणूस. त्याला आपल्याकडं शब्द नाही असं कुणी म्हणेल, पण आहे. वस्ताद.

हे शहर कुस्तीचं. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं जुनं रंगमंडळ पाहून आले आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. युरोपातली चांगली गोष्ट बघायची आणि ती आपल्या लाल मातीत रुजवायची, हे या गावाला शिकवावं लागलं नाही. फुटबॉलही तालमींनीच उचलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावं घेतली की गावाबाहेरच्या माणसाला आखाडा दिसतो, आम्हाला शाहू स्टेडियम दिसतं. हिवाळ्यात हंगाम सुरू झाला की शाळा-कॉलेजची पोरं, रिक्षावाले, भाजीवाले, वकील सगळे एकाच गॅलरीत. भारतात फुटबॉलची इतकी वेडी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा. पैलवानानं पहाटे किती वाजता उठायचं, जोर-बैठका किती, खुराकात तूप-बदाम किती, कुठल्या मैदानात कुणाशी जोड धरायची आणि कुठल्या मैदानाला 'अजून नको' म्हणायचं, हे वस्ताद ठरवतो. पोराचा बापही मध्ये बोलत नाही. त्याच तालमीचं नाव छातीवर लावून फुटबॉलचा संघ उतरतो तेव्हा मात्र वस्तादाची जागा बऱ्याचदा रिकामी असते. जोड कट्ट्यावर ठरते.

मी विशीत असताना एका मंडळाकडून खेळायचो. मंडळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तसं अनेक ठिकाणी घडत असेल. आमचे सर दोन महिने एका सोळा वर्षांच्या पोराला डाव्या बाजूच्या बचावासाठी तयार करत होते. रोज पहाटे तासभर, तो आणि सर. लीगच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री कट्ट्यावर बैठक झाली, वर्गणी आणणारी माणसं बसली आणि अकरा नावं निघाली. सकाळी सरांच्या हातात कागद पडला. त्या पोराचं नाव नव्हतं. सरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला पाणी भरायला घेऊन गेले. आम्ही कुणीच काही बोललो नाही. मीही बोललो नाही, आणि त्याची बोच अजून आहे. पुढच्या हंगामात सर आले नाहीत. ते पोरगंही हळूहळू यायचं बंद झालं.

युरोपियन चषक जिंकलेल्या प्रशिक्षकांची यादी बघताना म्हणूनच मला डावपेचांपेक्षा दुसरंच काही दिसतं. लिव्हरपूलला १९७७, १९७८ आणि १९८१ असा तीनदा हा चषक देणारे बॉब पेस्ली हे खाण कामगाराचे चिरंजीव. वीटकाम शिकलेले, आणि त्याच क्लबात खेळाडू, मग मालिश-उपचार करणारे, मग सहायक अशा पायऱ्या चढत खुर्चीपर्यंत आलेले. आरिगो साकी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत, वडिलांच्या बुटांच्या धंद्यात होते, आणि त्यांच्या मिलाननं १९८९ आणि १९९० असा लागोपाठ चषक घेतला. जोसे मोरिन्यो बॉबी रॉब्सन यांचे दुभाषे म्हणून मोठ्या मैदानांत शिरले. या माणसांना गोलांच्या हिशेबानं संघ मिळाला नाही. कुणीतरी त्यांची शिकवण्याची ताकद ओळखली आणि मग मध्ये हात घातला नाही.

शिकवणं म्हणजे काय, हे मी कळंब्यातच बघितलंय. बांधाखाली एक मोकळी जागा आहे. एक निवृत्त गृहस्थ सकाळी सहाला तिथं येतात, आठ-दहा पोरं जमतात. खुणांना कोन नाहीत, पोरांच्याच चपला जोडीजोडीनं मांडलेल्या. एकदा फिरून येताना मी थांबलो. एका बारा-तेरा वर्षांच्या पोराला ते एकच पास पुन्हा पुन्हा देत होते. चेंडू पायाशी आला की पोरगं मान वर करायचं, मग शोधायचं, मग अडकायचं. ते जवळ गेले, त्याचा खांदा दोन्ही हातांनी धरला आणि त्याला अर्धा वळवला. चेंडूकडं तोंड करून नाही, तर एक कूस मैदानाकडं उघडी ठेवून. म्हणाले, "बॉल यायच्या आधी बघायचं रं बाळा. आल्यावर बघून काय उपेग?" पुढचे पंधरा-वीस पास मी मोजले नाहीत, पण पोराची मान आधी वळायला लागली ते पाहिलं. साकी आपल्या खेळाडूंकडून चेंडू नसतानाही हालचाली करून घ्यायचे, कारण नजर आणि जागा आधी, चेंडू नंतर. कळंब्याच्या त्या माणसानं साकींचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी नंतर विचारलं.

स्टीन यांनी बॉबी मर्डोकला आघाडीवरून मागं घेऊन मधल्या फळीत आणलं आणि एक मध्यम फॉरवर्ड युरोपातला उत्तम मिडफिल्डर झाला. जिमी जॉन्स्टन हा बुटका, चपळ विंगर विमानात जीव मुठीत धरून बसायचा. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये बेलग्रेडचा रेड स्टार ग्लासगोला आला होता, मध्यंतराला १-१. स्टीन यांनी त्याला सांगितलं, चार गोलांच्या फरकानं जिंकलो तर परतीच्या सामन्याला तुला विमानात बसवणार नाही. सेल्टिक ५-१ जिंकलं, जॉन्स्टन वाऱ्यासारखा खेळला. ही चलाखी कुणालाही जमेल असं वाटतं, पण त्यासाठी पोराची भीती आधी माहीत असावी लागते, आणि दिलेला शब्द पाळायचा अधिकार आपल्याकडं असावा लागतो. कट्ट्यावर यादी ठरत असेल तर प्रशिक्षक कुठल्या तोंडानं शब्द देणार?

युरोपच्या त्या उंचीवरची माणसं आपल्याकडं आलीच नाहीत असं नाही. बॉब हाउटन यांनी १९७९ साली माल्मो या स्वीडिश संघाला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. तिथं ब्रायन क्लफ यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून एका गोलानं हरले. तेच हाउटन २००६ ते २०११ भारताचे प्रशिक्षक होते. २००७ आणि २००९ चा नेहरू चषक त्यांच्या काळातला, २०११ च्या आशियाई चषकातला प्रवेशही. मोरिन्यो यांच्या पोर्तोनं २००४ साली चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा कप्तान असलेले जॉर्ज कोस्टा २०१८ पासून दोन हंगाम मुंबई सिटीचे प्रशिक्षक होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी गेले. पण अशी माणसं वरच्या मजल्यावर येतात आणि जातात. तळाशी, बारा वर्षांच्या पोराचा खांदा वळवायला, ती येऊ शकत नाहीत. तिथं आपलाच माणूस लागतो.

आणि पोरं आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सगळ्या पेठांनी तो आपला मानला, आणि मानायलाच हवा. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पुणं आमच्या वर्तुळात येत नाही.

बाहेरचे खेळाडू आणण्यावर आपल्याकडं दर हंगामात वाद होतो. आफ्रिकेतले खेळाडू गेली काही वर्षं आपल्या संघांतून खेळतात, मैदान त्यांना उचलून धरतं, आणि पेठेतल्या पोरांना त्यांच्या ताकदीशी भिडायला मिळतं हा फायदाच. १९९५ च्या बोस्मन खटल्याच्या निकालानंतर युरोपातल्या क्लबांना परदेशी खेळाडूंची दारं सताड उघडली, आज सेल्टिकलाही ३० मैलांतून संघ काढता येणार नाही. त्या वर्तुळाचा मला सोवळेपणा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तयार खेळाडू एका हंगामासाठी आणला की शिकवणाऱ्याची गरज उरत नाही, आणि एक हंगाम एवढीच मुदत असली की शिकवणारा उभाच राहत नाही. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला चषक १९९० च्या मे महिन्यात मिळाला. साडेतीन वर्षं. त्यांनी आधी ॲबरडीनसारख्या लहान क्लबला १९८३ साली रेआल माद्रिदविरुद्ध युरोपचा कप विनर्स चषक मिळवून दिला होता, आणि त्या दौऱ्यावर स्टीन त्यांच्या सोबत होते. माद्रिदचे प्रशिक्षक डी स्टेफानो यांना भेट म्हणून व्हिस्कीची बाटली दे, असा सल्ला त्यांनीच दिला. आपण इथवर आलो यातच खूश आहोत असं समोरच्याला वाटू दे. वस्तादानं वस्तादाला दिलेला डाव. दोन वर्षांनी, १० सप्टेंबर १९८५ ला, कार्डिफच्या मैदानात वेल्सविरुद्धच्या सामन्यात स्टीन कोसळले आणि गेले. स्कॉटलंडच्या बाकावर तेव्हा त्यांचे सहायक होते फर्ग्युसन.

कळंब्याच्या त्या गृहस्थांना मी परवा पुन्हा भेटलो. पाऊस उघडलेला, तलाव काठोकाठ, जागा अजून ओली. यंदा कुठल्या मंडळाकडं जाणार म्हणून विचारलं.

"दोन मंडळांची माणसं येऊन गेली," ते म्हणाले. "दोघांनाबी एकच इचारलं. अकरा नावं कोण काढणार?"

"मग?"

"सांगतो म्हणालेत."

तेवढं बोलून ते खाली वाकले आणि चपला मांडू लागले. या खेपेला दोन जोड्यांमधलं अंतर त्यांनी आधीपेक्षा हातभर कमी ठेवलं.